कोरोना, नाक आणि मेंदू
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी, खेळ, फराळ हे सारे सोडून कोणी कोरोनावर बोलायला उभे राहावे, हे जरा विपरीतच आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसले. "अहो बाई, ते आता संपलं ना?" असे त्या म्हणाल्या. साथ ओसरली हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु पाहुणे गेले तरी त्यांनी केलेली नासधूस घरात राहते, तसे या रोगाचे झाले आहे. त्या राहिलेल्या गोष्टींपैकी एकीविषयी मला बोलावयाचे आहे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या चुकीचा कबुलीजबाबही आहे.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत तीस वर्षे शास्त्र विषय शिकवला, त्यामुळे वाचावयाची सवय आहे आणि न समजलेले विचारावयाची लाज नाही. एवढ्याच अधिकारावर बोलते.

आपल्या सोलापुरात पहिला रुग्ण एप्रिल 2020 मध्ये पाच्छा पेठेत निघाला. त्या वेळचे दिवस मी वर्णन करीत बसत नाही. बंद पडलेले माग, थांबलेल्या विड्या, गल्लीच्या तोंडाशी बांधलेले बांबू आपण सर्वांनीच पाहिले आहेत. आपल्या सगळ्यांचे लक्ष तेव्हा एकाच गोष्टीकडे होते, ती म्हणजे श्वास. बोटाला ते लहानसे यंत्र लावावयाचे आणि ऑक्सिजनचा आकडा पाहावयाचा. आकडा चांगला असला की घरातली सगळी म्हणत, "सुटली बाई." छातीचा रोग तो, छाती मोकळी झाली की रोग गेला, असेच मलाही वाटत होते.

माझ्या धाकट्या जावेला एप्रिल 2021 मध्ये कोरोना झाला. तिची परवानगी घेऊनच हे सांगते. नाव सांगावयाचे नाही, एवढी तिची अट आहे. घरीच बरी झाली. ताप चार दिवस, खोकला आठ दिवस, ऑक्सिजन कधी चौऱ्याण्णवच्या खाली आला नाही. तिचा घरगुती व्यवसाय शेंगाचटणीचा. दाणे मंद आचेवर भाजणे, तिखट, मीठ, लसूण घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटणे, हे सारे ती डोळे मिटून करी. दाणे कधी उतरवावयाचे हे तिला रंगावरून पाहावे लागत नसे, शेजारच्या खोलीतून नुसत्या वासावर ओरडे, "अक्का, गॅस बंद करा!"

आजारात वास गेला. तसा पुष्कळांचा गेला होता, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दोन महिन्यांनी तिने पुन्हा कढई चढवली, दाणे भाजावयास घेतले आणि तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. दाण्यांना रबर जळाल्यासारखा वास येतो म्हणाली. मी हुंगून पाहिले. दाणे उत्तम होते. तिने पाच किलो दाणे परत पाठवले आणि वर्षानुवर्षांच्या वाण्याशी भांडण केले. दुसऱ्या खेपेला तेच. लसूण सोलला तर तिला गटार उघडल्यासारखे वाटे. त्यातच हिशेब चुकू लागले. एका गिऱ्हाइकाला दोनदा डबे गेले, दुसऱ्याला एकदाही नाही. बोलता बोलता शब्द हरवे. दुपारी अकरा वाजताच अंथरुणावर पडे. एके दिवशी दूध उतू जाऊन बर्नर विझला, गॅस तसाच सुरू, आणि ही शेजारीच भाजी निवडत बसलेली! मी बाहेरून आले म्हणून निभावले.

त्या दिवशी मी तिला बोलले. भीतीने बोलले असेन, पण बोलले. "आजार होऊन तीन महिने झाले, आता किती दिवस अंग चोरणार आहेस? सगळे मनाचे खेळ आहेत," असे म्हणाले. ज्या डॉक्टरांकडे नेले त्यांनीही टेन्शन घेऊ नका, मन रमवा असे सांगून टॉनिक लिहून दिले, तेव्हा तर माझेच खरे झाले. ती काही बोलली नाही. पुढे मेंदू व मज्जासंस्थेच्या एका डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी अर्धा तास समजावून सांगितले, आणि घरी येईपर्यंत रिक्षात मला तिच्याकडे मान वर करून पाहवेना. ते त्यांनी सांगितलेले आणि नंतर मी वाचलेले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी नाकाचे. आपल्या नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. या पेशी म्हणजे मज्जापेशीच. त्यांची टोके बाहेरच्या हवेला लागलेली असतात आणि दुसऱ्या बाजूचे धागे वरच्या हाडातील बारीक भोकांतून थेट मेंदूत जातात. हे हाड हुबेहूब आपल्या पिठाच्या चाळणीसारखे असते. मेंदू कवटीत किती बंदोबस्तात ठेवलेला आहे पाहा, आणि नाकापाशी मात्र चाळणीएवढाच आडोसा! म्हणून प्रथम सर्वांना वाटले की, हा विषाणू याच चाळणीतून मेंदूत शिरत असला पाहिजे.

तसे सहसा होत नाही, असे पुढे दिसून आले. हा विषाणू पेशीत शिरतो तो एका ठराविक कडीला धरून, आणि ती कडी वास ओळखणाऱ्या मज्जापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या शेजारच्या पेशींवर असते. हार्वर्ड विद्यापीठातील संदीप रॉबर्ट दत्ता व त्यांचे सहकारी यांनी 2020 मध्ये हे दाखवून दिले. आधाराच्या पेशी कोसळल्या की मज्जापेशी आपोआप निकामी होतात. स्वयंपाकघर बंद पडल्यावर पंगतीचे जे होईल तेच. सर्दीत नाक चोंदून वास जातो. इथे नाक मोकळे असून वास जातो, तो एकाएकी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जून 2020 मध्ये वास व चव जाणे हे लक्षण अधिकृत यादीत घातले, ते याच कारणाने.

आता दिलासा असा की, या मज्जापेशी जन्मभर नव्याने तयार होत असतात. शरीरातल्या फारच थोड्या मज्जापेशींना हे वरदान आहे. म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. काहींचा मात्र वाकडा होऊन आला. हे कसे होते, हे आपल्या सोलापुरात समजावून सांगणे सोपे आहे. मागावर ताण्याचे धागे तुटले तर विणकर एकेक धागा गाठ मारून पुन्हा जोडतो. जोडताना धागा फणीच्या चुकीच्या घरात गेला तर माग चालतो, कापडही निघते, पण नक्षी बिघडते. नव्या मज्जापेशींचे धागे चाळणीतून वर जाऊन मेंदूत आपापली जागा शोधतात, तेव्हा असेच काहीसे होत असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. काही धागे जुळतात, काही भलतीकडे, काही जुळतच नाहीत. मग अर्धवट वास मेंदूला पोचतो आणि मेंदू त्याला "सडके, जळके" असे नाव देतो. यातली मोठी चमत्कारिक गोष्ट म्हणजे ज्या पदार्थांनी हा प्रकार हटकून होतो त्यांची यादी: कॉफी, कांदा, लसूण, आणि भाजलेले, तळलेले पदार्थ. भाजताना जी सुगंधी द्रव्ये तयार होतात त्यांतलीच काही या बिघडलेल्या नाकाला असह्य होतात. माझी जाऊ दाणे भाजत होती आणि मी तिला मनाचे खेळ म्हणत होते!

हे झाले नाकाचे. पण हिशेब का चुकावेत? शब्द का हरवावेत? ऑक्सिजन तर कमी झाला नव्हता.

याविषयी दोन संशोधने सांगते. ब्रिटनमध्ये साथीच्या आधीच हजारो लोकांच्या मेंदूची चित्रे घेऊन ठेवलेली होती. साथीत त्यांपैकी 785 जणांना पुन्हा बोलावले. वये 51 ते 81. त्यांतल्या 401 जणांना मधल्या काळात कोरोना होऊन गेला होता, आणि रुग्णालयात राहावे लागले ते केवळ 15 जणांना. बाकी सारे माझ्या जावेसारखे घरीच बरे झालेले. जुनी व नवी चित्रे ताडून पाहता, कोरोना झालेल्यांच्या मेंदूत वासाशी निगडित भागांची जाडी इतरांपेक्षा किंचित अधिक घटलेली दिसली. फरक लहान, सुमारे 0.2 ते 2 टक्के. आणि हे सरासरीचे आहे, प्रत्येकाचे तसे होतेच असे नाही. याच मंडळींना आकडे आणि अक्षरे क्रमाने जोडावयाची एक चाचणी दिली होती, तीतही त्यांना अधिक वेळ लागला. हा वृत्तान्त मार्च 2022 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. मी तो वाचला तेव्हा मला ते दोनदा गेलेले डबे आठवले.

दुसरे संशोधन अमेरिकेतले, त्याच वर्षीचे, स्टॅनफर्ड व येल येथले. त्यांनी उंदरांना सौम्य कोरोना दिला, तोही केवळ श्वसनमार्गापुरता. मेंदूत विषाणू सापडला नाही. तरीही मेंदूतल्या राखणदार पेशी खवळलेल्या होत्या, आणि मज्जातंतूंवर जे स्निग्ध आवरण असते, ज्यामुळे संदेश वेगाने जातो, ते विरळ झाले होते. तात्पर्य, चोर दुसऱ्या गल्लीत शिरला तरी आपल्या गल्लीतले राखणदार लाठ्या घेऊन धावतात आणि त्या गोंधळात आपल्याच घराच्या काचा फुटतात. कोरोनाने मेंदूला जी इजा होते ती बरीचशी अशी, सुजेची आणि रक्तवाहिन्यांची असते.

आजारानंतर साधारण तीन महिन्यांनीही थकवा, दम लागणे, विस्मरण, एकाग्रता न होणे असे काही दोन महिन्यांहून अधिक टिकून राहिले व दुसरे कारण सापडले नाही, तर ती कोरोनानंतरची अवस्था समजावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये ठरवून दिले. ही अवस्था पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळते. त्याचे एक कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीत असावे. पण माझे स्वतःचे मत विचाराल, तर बाईला आजारातून उठल्यावर पडून राहावयास मिळत नाही, हेही त्याला जोडून पाहावयास हवे. या अवस्थेत "चालत राहा, कामाला लागा, आपोआप बरे वाटेल" हा सल्ला उलटतो. आज रेटून केले की पुढचे दोन दिवस अंथरूण धरावे लागते. काम तुकड्यांनी करावे, मध्ये पडावे, हिशेब सकाळी ताज्या डोक्याने करावा, आठवणीवर न विसंबता लिहून ठेवावे, असे त्या डॉक्टरांनी तिला सांगितले. थकव्याला आणि विस्मरणाला इतर कारणेही असतात. रक्त कमी असणे, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-बारा कमी पडणे, झोप, आणि खरोखरचे नैराश्य. ती तपासून घ्यावीत. नैराश्य निघाले तर तोही आजारच आहे, त्यालाही औषध आहे. अंग चोरणे म्हणून कोणतेही निदान नाही.

याच शहरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करताना ते 9 डिसेंबर 1942 रोजी वारले, ते अपस्माराच्या झटक्याने. म्हणजे मेंदूच्याच विकाराने. वय अवघे बत्तीस. त्यांच्याविषयी बोलताना कोणी "मन घट्ट करायला हवे होते" असे म्हणत नाही. मग आपल्या घरातल्या बाईच्या मेंदूची सूज आपल्याला ढोंग का वाटावी?

आता थोडे गंभीर प्रकारांविषयी. घाबरविण्यासाठी नव्हे, ओळखता यावेत म्हणून सांगते. कोरोनात रक्त घट्ट होऊन गुठळ्या होण्याकडे कल असतो. ती डी-डायमरची तपासणी आठवत असेल. गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात. तोंड एका बाजूला ओघळणे, एक हात वर न जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकाएकी झाले तर घड्याळ पाहावे आणि थेट मोठ्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. तेल चोळण्यात आणि साखरपाणी देण्यात तो वेळ घालवू नये. हे कोरोनापुरतेच नाही, नेहमीसाठी आहे.

वृद्धांचे वेगळेच. काहींना ताप नाही, खोकला नाही, केवळ भ्रम. नातवाला भावाच्या नावाने हाक मारणे, रात्री उठून दार उघडावयास जाणे. म्हातारपण म्हणून आपण सोडून देतो. दोन दिवसांत असा एकाएकी फरक पडला तर तो म्हातारपणाचा नसतो, कुठल्या तरी आजाराचा असतो.

2021 च्या उन्हाळ्यातली काळी बुरशी आठवते ना? म्युकरमायकोसिस. महाराष्ट्रात तिने फार माणसे नेली, पुष्कळांचे डोळे काढावे लागले. ती नाकाशेजारच्या पोकळ्यांतून डोळ्याकडे आणि तिथून मेंदूकडे सरके. वाढलेली साखर आणि आजारात दिलेले स्टेरॉइड, या जोडीने तिला वाट करून दिली. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी कुठल्याही तापात साखर तपासत राहावे, हा त्यातला धडा अजून जुना झालेला नाही.

आणि एक जीबीएस. हे नाव आपल्याकडे जानेवारी 2025 मध्ये घरोघर झाले. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला दोनशेहून अधिक रुग्ण निघाले आणि पुण्याहून आलेला एक रुग्ण आपल्या सोलापुरात दगावला. ती साथ कोरोनाची नव्हती; दूषित पाण्यातील एका जंतूकडे बोट होते. पण रोगाची रीत एकच. शरीर जंतूशी लढावयास शस्त्रे तयार करते आणि ती चुकून आपल्याच मज्जातंतूंच्या आवरणावर चालतात. कोरोनानंतरही हे झाले आहे. महाराष्ट्रातील तज्ज्ञांनी अशा 42 रुग्णांची पाहणी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. पायांना मुंग्या, मग पायांत बळ नाही, जिना चढवत नाही, आणि हे खालून वर चढत जाते. एक-दोन दिवसांत असे वाढू लागले तर रुग्णालय गाठावे, कारण श्वासाचे स्नायू धरले गेले तर यंत्र लावावे लागते. वेळेवर उपचार मिळाला तर बहुतेक जण पुन्हा चालू लागतात, हेही लक्षात ठेवा.

पुन्हा नाकाकडे येते, कारण तिथे आपल्याला घरच्या घरी काही करता येते. जर्मनीत ड्रेस्डेन येथील टोमास हुमेल यांनी 2009 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या कितीतरी आधी, नाकाची तालीम प्रसिद्ध केली. चार वास घ्यावयाचे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. सकाळी एकदा, रात्री एकदा, प्रत्येक वास काही सेकंद हुंगावयाचा आणि हुंगताना तो मूळचा वास मनात आणावयाचा. निदान बारा आठवडे. हमखास उपाय नव्हे. काहींना गुण येतो, काहींना फार थोडा. पण अपाय नाही आणि खर्चही नाही. आमच्याकडे लवंग डब्यात होती, लिंबाची साल रोजची, निलगिरीचे तेल सर्दीसाठी आणलेले. गुलाबाचे अत्तर तेवढे विकत आणले. पहिले सहा आठवडे तिला लवंगेचा काहीच वास आला नाही. सातव्या आठवड्यात म्हणाली, "अक्का, दातांच्या डॉक्टरांच्या खोलीसारखं काहीतरी येतंय." त्या दिवशी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून रडलो.

ज्या घरात कुणाचा वास गेलेला आहे तिथे रात्री गॅस सिलिंडरवरच बंद करावा. गॅसला स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि तोच वास त्या माणसाला कळत नाही. गळती झाली की वाजणारे यंत्र बाजारात मिळते, ते बसवावे. उरलेल्या अन्नावर दिवस लिहून ठेवावा. भाजी नासली की नाही हे दुसऱ्याने पाहावे, आणि ते पाहताना हसू नये.

आता या गोष्टीला काही वर्षे झाली. जावेचे हिशेब वहीत असतात आणि चुकत नाहीत. दुपारी ती तासभर पडते. त्या वेळात तिला हाक मारावयाची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. वास बहुतांशी परत आला. टेबलावर चार लहान बाटल्या ठेवल्या आहेत, ज्यांना हुंगून पाहावयाच्या असतील त्यांनी पाहाव्यात; आणि ज्यांना एखादा वास येत नाही असे वाटेल त्यांनी सभेनंतर मला किंवा तिला विचारावे, ती इथेच बसली आहे. फराळाबरोबर जी शेंगाचटणी वाढणार आहेत तिचे दाणे तिनेच भाजले आहेत. लसूण मात्र अजून मीच सोलते आणि कुटते. तेवढा वेळ ती गच्चीत जाऊन बसते.